फाटलेली पानं कोणी फाडली?

आमचा कट्टा म्हणजे वडाचा पार. समोर अमृततुल्य, शेजारी बंद पडलेली लाँड्री, आणि कठड्यावर ज्याच्या त्याच्या ठरलेल्या जागा. शनिवारी साडेआठनंतर जमतो आणि चहावाला शटर ओढेपर्यंत बसतो. मागच्या शनिवारी पाऊस भुरभुरत होता तरी कोणी हललं नाही. वाद चालू होता एका अमेरिकन मालिकेवरून निघालेल्या पुस्तकाचा. घरी आल्यावरही डोक्यातून जाईना, म्हणून जसा झाला तसा लिहून काढतोय.

मालिका 'ट्विन पीक्स'. ज्यांना ती अजून बघायची आहे त्यांनी इथंच थांबावं. खुनी कोण हे पुढं येणार आहे आणि ते झाकून हा वाद सांगताच येत नाही.

तोंड फोडलं ओम्यानं. त्यानं दोन महिन्यांत सगळं संपवलं होतं : जुन्या दोन सीझनचे 30 भाग, 1992 चा सिनेमा आणि 2017 मध्ये आलेले 18 भाग. म्हणाला, "डोकं भणभणतंय. आता वाचू काय?"

"मार्क फ्रॉस्टचं 'फायनल डॉसियर'," मंद्या लगेच म्हणाला. "छोटं आहे. कोण कुणाचं कोण, कुणाचं पुढं काय झालं, सगळं कळतं. मालिका ज्या दोघांनी काढली त्यांच्यातल्या एकाचं आहे, म्हणजे अधिकृतच."

"ते नंतर," मी म्हटलं. "आधी लॉराची डायरी."

आणि पिशवीतून पुस्तक काढून कठड्यावर ठेवलं.

माझी प्रत फुटपाथवरची आहे, चाळीस रुपयांची. पानं चहाच्या रंगाची झालीत, कण्याला भेगा पडल्यात. पहिल्या पानावर कुणाचं तरी नाव होतं, ते निळ्या शाईनं इतकं गिरवून खोडलंय की कागद मागून उमटलाय. आत कुणीतरी पेन्सिलीनं अधूनमधून समासात बारीक रेघा मारल्यात. सुरुवातीला पानाआड एखादी रेघ दिसते, पुस्तकाच्या मध्यापासून एकही नाही. जो कोणी वाचत होता त्याला मध्यानंतर पेन्सिल उचलवली नसावी, असं मला नेहमी वाटतं.

आप्पांनी चष्मा कपाळावर चढवून मुखपृष्ठ पाहिलं. एसटीत कंडक्टर म्हणून आयुष्य गेलं, निवृत्तीनंतर पूर्णवेळ अंनिसचं काम. मालिका त्यांनी ऐकलीही नव्हती. म्हणाले, "आधी मला गोष्ट सांगा, मग भांडा."

सांगितली. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं, कॅनडाच्या सरहद्दीजवळचं लाकूडकटाईचं गाव. तळ्याकाठी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एका शाळकरी मुलीचं प्रेत सापडतं. तीच लॉरा पामर. गावातल्या सगळ्यांची लाडकी, दिसायला देखणी, म्हाताऱ्या-आजारी माणसांना घरपोच जेवण नेऊन देणारी. एफबीआयचा एजंट कूपर तपासाला येतो आणि एकेक पदर सुटत जातो. एबीसी वाहिनीवर 8 एप्रिल 1990 ला पहिला भाग लागला आणि सगळी अमेरिका एकच प्रश्न विचारायला लागली, लॉराला मारलं कुणी. डेव्हिड लिंच आणि फ्रॉस्ट यांना ते सांगायची घाई नव्हती, वाहिनीला होती. शेवटी दुसऱ्या सीझनमध्ये, नोव्हेंबर 1990 मध्ये, उलगडा झाला. मारणारा तिचा बाप. लीलंड पामर, गावातला वकील. पण त्याच्या अंगात बॉब नावाचं एक भूत आहे, लांब केसांचं, दात विचकणारं, आणि तेच त्याच्याकडून सगळं करवून घेतंय, असं मालिका म्हणते. मुलीचा छळही बारा वर्षांची असल्यापासून चाललेला.

आप्पा काही बोलले नाहीत. फक्त पुस्तक उलटं करून ठेवलं.

"आणि ही डायरी," मी सांगत होतो, "जेनिफर लिंचनं लिहिलीय. डेव्हिड लिंचची मुलगी. तेव्हा ती विशीत होती. मुखपृष्ठावर बघा, 'लेखिका' असं लिहिलेलं नाही. 'जेनिफर लिंचला दिसली तशी' अशा अर्थाचे शब्द आहेत. डायरी लॉराची."

"हीच ती जाहिरातबाजी," मंद्यानं धरलं. "पुस्तक बाजारात कधी आलं? सप्टेंबर 1990. पहिला सीझन संपलेला, दुसरा सुरू व्हायचा, लोक तडफडताहेत. तेव्हा हे सोडलं. त्याच काळात कूपरच्या आवाजातली कॅसेट काढली. पुढच्या वर्षी कूपरचं आत्मचरित्र, ते लिहिलं फ्रॉस्टच्या भावानं. मग गावाची मार्गदर्शिका. कोणी मुलगी, कोणी भाऊ! आणि डायरी न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत गेली, म्हणजे धंदा झालाच. मालिकेसोबत विकायचा माल आहे हा. त्याला साहित्य म्हणून डोक्यावर घेऊ नका."

यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण माल म्हणून जन्मलेल्या वस्तूतही कुणीतरी जीव ओतू शकतं, आणि या पुस्तकात तो ओतलेला आहे, एवढं मला म्हणायचं होतं. जेनिफर लिंचनं मुलाखतींत सांगितलंय की लहान असताना ती वडिलांना म्हणाली होती, मला दुसऱ्या एखाद्या मुलीची डायरी सापडायला हवी, म्हणजे मला ज्याची भीती वाटते त्याचीच तिलाही वाटते का ते कळेल. बापानं ते लक्षात ठेवलं आणि वेळ आल्यावर हे पुस्तक तिच्या हाती दिलं. खुनी कोण हे तिला लिहिण्याआधी सांगितलेलं होतं, जगाला कळायच्या आधी. त्यामुळं पुस्तकात एक विलक्षण गोष्ट घडते. लिहिणारीला माहीत आहे, वाचणाऱ्याला नाही, आणि लॉराला माहीत असूनही माहीत नाही. बॉब रात्री खिडकीतून येतो, असं ती लिहिते. घरातली माणसं खाली आहेत, आई, बाबा. बाबांवर तिचं प्रेम आहे. नोव्हेंबरनंतर तीच पानं पुन्हा उघडली की प्रत्येक 'बाबा' शब्दाशी हात थांबतो.

शमा तोवर गप्प होती. आठवीच्या वर्गाला शिकवते, आणि पुस्तक तिनं माझ्याकडूनच नेऊन वाचलं होतं. ती म्हणाली, "पहिली पन्नास पानं खरी आहेत. मी बारा-तेरा वर्षांच्या मुलींच्या वह्या रोज बघते, म्हणून सांगते. वाढदिवस आहे, 22 जुलै 1984, मुलगी बारा वर्षांची झालीय, घोडं मिळालंय आणि त्याचं नाव काय ठेवायचं याचा आनंद. ट्रॉय ठेवते ना? आनंदाच्या त्या ओळींच्या मध्येच एखादं वाक्य असं येतं की अंगावर काटा यावा, आणि ती लगेच दुसऱ्या विषयावर जाते. मुलं अशीच सांगतात. सांगून टाकतात आणि पळतात. मोठ्या माणसाच्या ते वाक्य लक्षातच येत नाही. लेखिकेनं हे कुठून आणलं मला माहीत नाही, पण अचूक आणलंय."

"मग?" मंद्या म्हणाला. "माझ्या बाजूनं बोल की."

"बोलतेय. मध्यानंतर पुस्तक बिघडतं. ड्रग्ज, पुरुष, रात्री, पुन्हा ड्रग्ज, पुन्हा पुरुष. तपशील इतके की एका जागी मला वाटलं, हे लॉरा सांगत नाहीये, तिला कुणीतरी बघतंय. ज्या मुलीला सगळ्या गावानं वापरलं, तिला पुस्तकानंही थोडं वापरलं. आणि ते विकत घेणारी बरीचशी पोरं लॉराच्याच वयाची असणार."

माझ्याकडं याला उत्तर नव्हतं. अजूनही पुरतं नाही. मला वाटत आलंय की त्या पानांतली घाई आणि तोचतोपणा हाच त्या मुलीचा आवाज आहे, ती स्वतःला घाण ठरवायला निघालीय, कारण आपणच वाईट आहोत असं मानलं तर निदान सगळ्याचं कारण तरी सापडतं. पण शमा म्हणते तेही दिसतं. तिथंच बसून मी ती पानं परत चाळली आणि दोन ठिकाणी मलाही पुस्तक मिटवावंसं वाटलं.

ओम्याचं लक्ष वेगळ्याच ठिकाणी होतं. त्याचा खरा जीव 'सुपरनॅचरल'वर, 2005 ते 2020, 15 सीझन, 327 भाग, सगळे पाहिलेले, काही दोनदा. तो म्हणाला, "पूर्वकथेच्या पुस्तकांबद्दल मला विचारा. त्या मालिकेतल्या बापाची वही, जॉन विंचेस्टरचं जर्नल, 2009 मध्ये पुस्तक म्हणून आलं. ॲलेक्स आयर्व्हिननं लिहिलंय. 2 नोव्हेंबर 1983 ला कॅन्ससमधल्या घराला आग लागते, बायको जाते, दोन लहान पोरं मागं राहतात, आणि हा साधा गॅरेजवाला माणूस वही लिहायला घेतो. मला ते आवडलं. कारण त्या माणसाला काहीच माहीत नाहीये. भूत म्हणजे काय, मीठ कशाला लागतं, पोरांना शाळेत घालायचं की गाडीत घालून पळायचं. शिकत शिकत तो कठोर होत जातो."

"बरं मग?"

"मग मालिकेनंच वाट लावली. आधी कळलं की मेलेली आई शिकाऱ्यांच्या घराण्यातली होती. मग आठव्या सीझनला कळलं की बापाचा बापसुद्धा एका गुप्त मंडळातला होता. मग 2022 मध्ये आईबापाच्या तरुणपणावर वेगळी मालिकाच काढली, तिचं जुळेना, तर शेवटी सांगितलं की हे वेगळ्याच विश्वातले आईबाप आहेत. 13 भागांत गुंडाळली. अरे, साध्या घरावर संकट आलं होतं, म्हणून तर मला रडू आलं होतं! सगळं खानदानच आधीपासून खास निघालं, तर मग माझ्यासारख्याच्या घराशी त्याचा संबंध काय राहिला?"

हे मला इतकं पटलं की मी त्याच्या पाठीवर थाप मारली. पूर्वकथा लिहिणाऱ्याला पडणारा सगळ्यात मोठा मोह हाच. प्रत्येक रिकामी जागा भरायची आणि प्रत्येक योगायोगाला घराणं चिकटवायचं.

मंद्या मागं हटणारा नव्हता. "रिकाम्या जागा भरल्या तर बिघडलं काय? लोक वर्षानुवर्षं जीव लावून बघतात, त्यांना उत्तरं मागायचा हक्क नाही? आणि आपल्याकडचंच घ्या ना, 'रात्रीस खेळ चाले'. 2016 च्या पहिल्या भागात अण्णा नाईक सुरुवातीलाच मरतात. 2019 मध्ये दुसरा भाग काढला तो त्यांच्या हयातीतला, म्हणजे पूर्वकथाच. आणि लोकांनी पहिल्यापेक्षा तोच उचलून धरला. अण्णा आणि शेवंता घराघरांत पोचले ते पूर्वकथेमुळं."

"माझंच म्हणणं तू सांगतोयस," मी म्हटलं. "पहिल्या भागात अण्णा म्हणजे घरावरची सावली होते. दुसऱ्यात माणूस दिसला. त्या वाड्यात बायका-पोरं ज्याला घाबरत होती त्याला भुताची गरजच नव्हती. तो जिवंतपणीच पुरेसा होता. ती पूर्वकथा लोकांना पोचली कारण तिनं भूत वाढवलं नाही, माणूस वाढवला. डायरीनं लॉराचं तेच केलं. मालिकेत ती प्रेत आहे, फोटो आहे, टेपवरचा आवाज आहे. तिचं काम करणाऱ्या शेरिल लीला तर आधी नुसतं प्रेत म्हणून घेतलं होतं. सगळे तिच्याबद्दल बोलतात. पुस्तकात पहिल्यांदा ती स्वतः बोलते."

चहा आला. आप्पांनी बशीत ओतून घेतला आणि मग बोलले.

"मला एक सांगा. ते भूत खरं आहे का त्या मालिकेत?"

"खरंच आहे आप्पा," मंद्या म्हणाला. "आईला दिसतं, नात्यातल्या बहिणीला दिसतं, कूपरला स्वप्नात दिसतं. पोलिसांनी त्याचं चित्र काढून गावात लावलंय. ही भुताची मालिका आहे. तिला मानसशास्त्र करून टाकलं तर मजा गेली."

"मजेचं सोडा. बाप सुटतो का त्यातून?"

इथं वाद खरा पेटला.

कारण मालिका त्याला जवळपास सोडते. लीलंडला पकडतात, कोठडीत बॉब त्याचं डोकं दारावर आपटून निघून जातो, आणि मरताना लीलंड कूपरच्या मांडीवर रडत सांगतो की आपण लहान होतो तेव्हाच तो आपल्यात शिरला. आजोबांच्या घराशेजारी, पर्ल लेक्सला, एक माणूस राहायचा आणि पेटत्या काड्या अंगावर उडवायचा, हे त्यानं आधीच सांगितलेलं असतं. म्हणजे बापाचीही पूर्वकथा आहे, आणि ती ऐकून गळा दाटून येतो. कूपर त्याला प्रकाशाकडं जायला सांगतो. वरून स्प्रिंकलरचं पाणी कोसळत असतं.

"मला तो भाग बघवत नाही," शमा म्हणाली. "पोरीला कुणी मांडीवर घेतलं नाही. बापाला घेतलं."

पण त्याच भागात पुढं एक छोटा प्रसंग आहे आणि माझ्या मते सगळी मालिका त्यात आहे. शेरिफ, कूपर, हवाई दलातला मेजर ब्रिग्ज आणि एफबीआयचाच अल्बर्ट, चौघं रानात उभे. शेरिफला भुताची गोष्ट पचत नाही. कूपर त्याला विचारतो, बापानं पोटच्या पोरीचं असं केलं यावर विश्वास ठेवणं सोपं आहे का? आणि अल्बर्ट, त्यांच्यातला सगळ्यात खडूस माणूस, म्हणतो की कदाचित माणसं जे वाईट करतात त्यालाच बॉब म्हणायचं. मग शेरिफ विचारतो, तो खरा असेल तर आता आहे कुठं? उत्तर कुणी देत नाही.

आप्पांनी बशी खाली ठेवली. "आमच्या भागातली गोष्ट सांगतो. वाडीचं नाव सांगत नाही. चौदा वर्षांची पोरगी बोलायची बंद झाली. रात्री किंचाळायची. घरचे म्हणाले, लागिर झालंय. भगत आणला, लिंबं उतरवली, नारळ फोडले, अमावास्येला कुठं कुठं नेली. सहा महिने. मग आमची एक कार्यकर्ती दोन दिवस तिच्याशेजारी नुसती बसून राहिली, भाकरी थापत, काही न विचारता. तिसऱ्या दिवशी पोरगी बोलली. चुलता. त्याच घरातला. लिंबं उतरवताना तो पुढं उभा असायचा. घरच्यांना लागिर परवडत होतं, चुलता परवडत नव्हता."

थोडा वेळ कोणीच बोललं नाही. आप्पांचं हे काम डॉक्टर दाभोलकरांच्या खुनाच्याही आधीपासूनचं. 2013 च्या ऑगस्टमध्ये डॉक्टर गेले आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला, तेव्हा ते याच पारावर बसून रडले होते.

"म्हणून विचारतोय," ते म्हणाले. "तुमचं ते पुस्तक लागिराच्या बाजूचं की पोरीच्या?"

मी शेवटाकडची पानं उघडून त्यांच्यापुढं धरली. शेवटाकडं ठिकठिकाणी पानावर फक्त एवढंच छापलंय की हे पान गहाळ आहे, वही सापडली तेव्हाच गहाळ होतं. कोणीतरी ती पानं फाडलीत. आणि त्याआधी अशीही पानं आहेत जिथं लॉरा लिहिता लिहिता बॉब तिच्याच वहीत उत्तरं द्यायला लागतो, मोठ्या अक्षरांत, शिव्या देत. ती लिहिते, तो खोडून काढल्यासारखा बोलतो. स्वतःची म्हणून मुलीकडं उरलेली एकच जागा, ती वही, आणि तिच्यातही तो शिरलाय.

1992 च्या सिनेमात हीच फाटलेली पानं येतात. लॉरा घाबरून हॅरल्ड स्मिथकडं पळते. हा हॅरल्ड घराबाहेर पाऊल टाकू न शकणारा, ऑर्किड वाढवणारा एकटा माणूस, ती त्याला जेवण पोचवत असते. ती त्याला सांगते की बॉब मला बारा वर्षांची असल्यापासून छळतोय. तो म्हणतो, बॉब खरा नाहीये. ती फाटलेली पानं दाखवून ओरडते की हे तर खरं आहे ना! सबंध मालिकेत मला याहून मोठा प्रसंग दिसत नाही. भूत खरं की खोटं, ते घाला चुलीत. कागद फाडायला हात लागतो, आणि हात घरातल्याच कुणाचा तरी असतो.

"हॅरल्डचा मला सगळ्यात राग येतो," शमा म्हणाली. "डायरी त्याच्याकडं होती. त्यानं ती वाचली होती. मुलगी मेली, सगळं गाव खुनी शोधतंय, आणि हा वही कपाटात ठेवून बसलाय, का तर तिनं विश्वासानं दिली म्हणून. आपल्याकडं आता पॉक्सो आहे, 2012 चा. आम्हाला शाळेत शिकवलंय की असं काही कळलं तर कळवणं बंधनकारक आहे, गुपित राखणं हा गुन्हा. पण कायद्याआधीची गोष्ट अशी की मुलीनं सांगितल्यावर ऐकणाऱ्याचं पहिलं वाक्य 'असं काही नसतं' हे असेल तर ती दुसऱ्यांदा सांगत नाही. लॉरानंही नंतर वहीच जवळ केली."

मंद्याचा आवाज खाली आला होता, पण मुद्दा त्यानं सोडला नाही. "मान्य. डायरी चांगली. पण डॉसियरला का हसता? त्याच घराची दुसरी बाजू त्यात आहे. आई, सारा पामर. 2017 च्या आठव्या भागात 1956 सालचं न्यू मेक्सिको दाखवलंय, आठवतं का? अणुचाचणीच्या वाळवंटात अंड्यातून एक किडा निघतो, बेडूक आणि पतंग यांच्या मधलं काहीतरी, आणि झोपलेल्या मुलीच्या तोंडात शिरतो. मुलीचं नाव सांगितलेलं नाही. डॉसियरमध्ये त्या रात्री बेशुद्ध पडलेल्यांत सारा नोव्हाक नावाची मुलगी आहे. लॉराची आई. म्हणजे सगळं जुळलं! बापात एक भूत, आईत दुसरं. 1945 च्या जुलैतल्या त्या स्फोटापासून पामर कुटुंबापर्यंत सरळ रेघ."

"म्हणूनच मला ते नको वाटतं," मी म्हटलं. हसत नव्हतो, खरंच सांगत होतो. आठवा भाग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा अंधारात उठून दिवा लावला होता. ती मुलगी कोणीही असू शकत होती, आणि भीती त्याचीच होती. तिला नाव आणि माहेरचं आडनाव मिळालं आणि ती एका फायलीतला कागद झाली. शिवाय पडद्यावर सारा काय होती? सिगारेटी ओढत, फिरणाऱ्या पंख्याकडं बघत जिन्याखाली उभी असलेली बाई. सिनेमात नवरा तिला दुधातून गुंगी देतो. तिला काहीतरी दिसत होतं आणि ती ते बघत नव्हती. घराघरांत असतं तसं. त्या बाईच्या तोंडात लहानपणीच किडा घातला की तिच्या न बघण्याला कारण मिळालं, आणि तिची शरम, तिचा गुन्हा, तिची लाचारी, सगळं पुसलं गेलं. आप्पांच्या वाडीतलं लिंबू आणि हा किडा यांत मला फारसा फरक दिसत नाही.

"मग फ्रॉस्टनं चूक केली म्हणतोस?" मंद्या चिडला. "ज्यानं मालिका लिहिली त्यानं?"

"त्याच्या आधीच्या पुस्तकात, 2016 च्या, गावातल्या हॉटेलवाल्या नॉर्माच्या आईचं नावसुद्धा मालिकेशी जुळत नव्हतं," ओम्या मध्येच म्हणाला. "लोकांनी केवढं डोकं खाजवलं होतं."

"ते क्षुल्लक आहे रे," मी म्हटलं. नावं चुकली तरी चालतात. डायरीतल्या सगळ्या तारखाही मालिकेशी बसत नाहीत, माझं त्यावाचून अडलं नाही. फ्रॉस्टची भाषा सफाईदार आहे, अहवालाचा बाज त्यानं छान पेललाय, गावाबद्दलचं त्याचं प्रेम प्रत्येक पानावर दिसतं. माझं भांडण एकाच गोष्टीशी. पामरांच्या घरातलं दुःख त्यानं पुन्हा घराबाहेर नेऊन ठेवलं, वाळवंटात, स्फोटात. जेनिफरनं ते जिन्यावर, खिडकीशी, जेवणाच्या टेबलावर ठेवलं होतं. तिच्या बापानंही दोन वर्षांनी सिनेमा काढला तो तिथंच काढला. त्यात लीलंड लॉराला हात धुतलेस का विचारतो आणि तिची बोटं धरून नखं तपासत राहतो, आई समोर बसून 'पुरे आता' म्हणते. त्या क्षणी बॉब पडद्यावर नसतो. मला वाटतं, बापलेकींपैकी मुलीनं ते आधी पाहिलं होतं.

मंद्या म्हणाला की पुढच्या शनिवारी तो डॉसियर घेऊन येतो, साराचं प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवतो आणि मग बोलू. ठीक आहे म्हटलं. शमानं बजावलं की ओम्यानं पुस्तक नेलं तरी घरात नववीतल्या बहिणीच्या हाती ते असंच पडू देऊ नये, आणि पडलंच तर तिच्याशी बोलावं, हिसकावून घेऊ नये. ओम्यानं मान डोलावून प्रत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली, पावसासाठी. मग ते प्लास्टिक बघून त्याचं त्यालाच कसंतरी झालं असावं. त्यानं पुस्तक पुन्हा बाहेर काढलं आणि शर्टाच्या आत धरलं.

चहावाल्यानं अर्धं शटर ओढलं. आप्पा काठी टेकत उठले, दोन पावलं गेले आणि वळले.

"त्या आईला," त्यांनी विचारलं, "खरंच माहीत नव्हतं?"

मंद्या 'नव्हतं' म्हणाला. शमा 'होतं' म्हणाली. दोघं एकाच वेळी बोलले, आणि आम्ही सगळे परत कठड्यावर बसलो.